संगणकीय खेळ आणि ग्राफिक्स ड्रायव्हर : सुसंगततेच्या प्रश्नाचा ऐतिहासिक अभ्यास (१९८७ ते २०२५)

प्रस्तावना :

संगणकाचा इतिहास बहुतांशी यंत्रांचा आणि ती घडविणाऱ्या कंपन्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणत्या वर्षी कोणता प्रोसेसर आला, त्याचा वेग किती होता, कोणत्या कंपनीने कोणती कंपनी विकत घेतली, या क्रमाने तो सांगितला जातो. यंत्र आणि आज्ञावली यांच्यामध्ये उभा असलेला एक घटक मात्र या लेखनात क्वचितच दिसतो. तो घटक म्हणजे ड्रायव्हर. संगणकावर खेळ खेळणाऱ्यांना हा शब्द चांगलाच परिचित आहे. नवा खेळ सुरू होत नाही, पडद्यावर चित्राऐवजी रंगीत ठिगळे दिसतात किंवा संगणक मध्येच थिजतो, तेव्हा पहिला सल्ला ड्रायव्हर अद्ययावत करण्याचाच मिळतो. तसे केल्यावर आधी नीट चालणारा दुसराच एखादा खेळ बिघडतो, हाही अनेकांचा अनुभव आहे.

ड्रायव्हरचे कार्य दुभाष्याचे आहे. अमुक ठिकाणी, अमुक रंगाचा त्रिकोण काढावा, अशी आज्ञा खेळ एका ठरावीक भाषेत देतो. प्रत्येक ग्राफिक्स कार्डाची अंतर्गत भाषा मात्र वेगळी असते आणि बहुतेक कंपन्यांनी ती दीर्घकाळ व्यापारी गुपित म्हणून जपली. खेळाची आज्ञा कार्डाच्या भाषेत उतरविण्याचे काम ड्रायव्हर करतो. खेळ, ऑपरेटिंग सिस्टीम आणि कार्ड या तिघांपैकी एक जरी बदलला, तरी दुभाष्याला बदलावे लागते. हे तिन्ही घटक निरनिराळ्या कंपन्यांच्या हाती आहेत आणि त्यांचे वेळापत्रक एक नाही. सुसंगततेचा प्रश्न पुन:पुन्हा का उद्भवतो, याचे मूळ या रचनेत आहे.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) वैयक्तिक संगणकावरील खेळांच्या संदर्भात ग्राफिक्स ड्रायव्हरच्या विकासाचे टप्पे स्पष्ट करणे.
२) प्रत्येक टप्प्यावर सुसंगततेचा भार कोणावर पडला, याचा शोध घेणे.
३) या इतिहासाचा अंकीय साधनांच्या जतनाशी असलेला संबंध तपासणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. सुसंगतता राखण्याचा खर्च कोणत्याही टप्प्यावर नाहीसा झाला नाही, तो केवळ एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे सरकला, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

१. डॉसचा काळ : खेळच दुभाषी (१९८७ ते १९९४)

आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए हे दृश्यमानक आणले. ६४० गुणिले ४८० बिंदूंवर १६ रंग आणि ३२० गुणिले २०० बिंदूंवर २५६ रंग ही त्याची मर्यादा होती. इतर उत्पादकांनी त्याचे अनुकरण केल्यामुळे व्हीजीए ही सर्वांची किमान सामाईक भाषा बनली. डॉस या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा खेळ ऑपरेटिंग सिस्टीमची मध्यस्थी न घेता थेट दृश्य-स्मृतीत लिहीत असे. त्यामुळे वेग मिळे. परंतु यंत्राची सर्व माहिती खेळाच्या लेखकालाच असावी लागे.

व्हीजीएपेक्षा अधिक बिंदू आणि अधिक रंग देण्याची स्पर्धा सुरू होताच ही एकवाक्यता मोडली. प्रत्येक उत्पादकाने वाढीव क्षमतेसाठी आपली स्वतंत्र पद्धत स्वीकारली. परिणामी एका कार्डावर उत्तम दिसणारा खेळ दुसऱ्या कार्डावर सुरूच होत नसे. यावर उपाय म्हणून व्हेसा या उद्योग-संघटनेने सामाईक संकेत ठरविले आणि त्यांची दुसरी आवृत्ती १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या कार्डांत हे संकेत अपुरे किंवा सदोष होते, त्यांच्यासाठी सायटेक कंपनीची युनिव्हीबीई नावाची आज्ञावली वापरली जाई. खेळ आणि कार्ड यांच्यामध्ये तिसऱ्याच कंपनीचा दुभाषी बसविण्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

या काळात सुसंगततेचा मुख्य भार खेळ लिहिणाऱ्यावर होता. उरलेला भार खेळाडूवर पडे. खेळ बसविताना ध्वनिकार्डाचे नाव, त्याचा पत्ता आणि इंटरप्ट क्रमांक त्यालाच भरावा लागे. प्रत्येक खेळासाठी संगणक सुरू करण्याची स्वतंत्र फ्लॉपी करून ठेवणे ही त्या काळातील सर्वसामान्य रीत होती.

२. सामाईक भाषेची स्थापना (१९९४ ते १९९६)

विंडोज ही प्रणाली कार्यालयीन कामासाठी लोकप्रिय झाली, तरी खेळांचे लेखक तिच्यापासून दूर राहिले. तिची चित्र काढण्याची पद्धत खेळांच्या दृष्टीने संथ होती. ही उणीव भरून काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये विन-जी ही आज्ञावली दिली. त्याच वर्षीच्या नाताळात डिस्ने कंपनीच्या ‘द लायन किंग’ या चित्रपटावर आधारित, विन-जी वापरणारी सीडी-रॉम बाजारात आली. कॉम्पॅक कंपनीच्या प्रेसारिओ मालिकेतील अनेक संगणकांवर ती चालेना. त्या संगणकांतील दृश्य ड्रायव्हरची विन-जीबरोबर पुरेशी चाचणी झालेली नव्हती. मुलांसाठी भेट म्हणून आणलेली तबकडी संगणकच बंद पाडते, अशा तक्रारींचा ओघ सुरू झाला.

या प्रसंगाचे महत्त्व तक्रारींच्या संख्येपुरते मर्यादित नाही. खेळ एका कंपनीचा, संगणक दुसऱ्या कंपनीचा आणि प्रणाली तिसऱ्या कंपनीची असताना दोष नेमका कोणाचा, हा प्रश्न येथे प्रथमच सामान्य ग्राहकाच्या घरी पोचला. ग्राहकाच्या दृष्टीने दोष खेळाचाच होता, कारण त्याने विकत घेतलेली वस्तू खेळ ही होती. दुभाषी त्याला दिसत नव्हता.

मायक्रोसॉफ्टमधील ॲलेक्स सेंट जॉन, क्रेग आयस्लर आणि एरिक एंगस्ट्रॉम या तिघांच्या पुढाकाराने तयार झालेला डायरेक्टएक्स हा आज्ञासंच सप्टेंबर १९९५ मध्ये, विंडोज ९५ पाठोपाठ, प्रसिद्ध झाला. त्यामागील तत्त्व साधे होते. खेळाने डायरेक्टएक्सशी बोलावे आणि कार्डाच्या उत्पादकाने डायरेक्टएक्स समजणारा ड्रायव्हर द्यावा. कार्डात एखादी क्षमता नसेल, तर काही कामे प्रोसेसरकडून करून घेण्याचीही सोय त्यात होती. त्रिमितीय चित्रणासाठी मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये रेंडरमॉर्फिक्स ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली आणि तिच्या कामावर आधारलेले डायरेक्ट३डी १९९६ मध्ये आणले.

सामाईक भाषा ठरली की त्या भाषेबाहेरचे यंत्र एकाकी पडते, हेही लगेच दिसून आले. एनव्हिडिया कंपनीचे १९९५ मधील एनव्ही१ हे पहिले उत्पादन वक्र पृष्ठभागांच्या गणितावर आधारलेले होते, तर डायरेक्ट३डीची रचना त्रिकोणांवर उभी राहिली. एनव्ही१ला बाजारात यश मिळाले नाही. कंपनीने १९९७ मध्ये त्रिकोणांची भाषा बोलणारे रिवा १२८ आणले आणि ती सावरली. भाषा ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्याकडे यंत्राचे भवितव्य, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

३. ग्लाइडचा उदय आणि अस्त (१९९६ ते २००२)

डायरेक्ट३डीच्या सुरुवातीच्या आवृत्त्या वापरण्यास किचकट होत्या. आयडी सॉफ्टवेअरचे जॉन कारमॅक यांनी डिसेंबर १९९६ मध्ये त्यांवर जाहीर टीका केली आणि सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९२ मध्ये आणलेल्या ओपन-जीएलचा पुरस्कार केला. याच काळात ३डीएफएक्स कंपनीने तिसरा मार्ग दाखविला. तिचे १९९६ मधील व्हूडू ग्राफिक्स हे कार्ड केवळ त्रिमितीय चित्रणासाठी होते. नेहमीच्या कामासाठी संगणकात दुसरे कार्ड ठेवावे लागे आणि दोन्ही कार्डे बाहेरून एका तारेने जोडावी लागत. या कार्डासाठी कंपनीने ग्लाइड हा स्वतःचा आज्ञासंच दिला. यंत्र आणि भाषा एकाच घराण्याची असल्यामुळे ग्लाइडवरील खेळ वेगवान आणि स्थिर असत. जानेवारी १९९७ मध्ये आलेल्या जीएल-क्वेक या खेळासाठी तर ओपन-जीएलमधील केवळ आवश्यक तेवढ्याच आज्ञांचा छोटा ड्रायव्हर तयार करण्यात आला.

ग्लाइडमुळे सुसंगततेचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला, परंतु तो एका कंपनीच्या ग्राहकांपुरताच सुटला होता. ज्या खेळांत केवळ ग्लाइडची सोय होती, ते अन्य कार्डांवर आपल्या पूर्ण रूपात दिसत नसत. पुढे डायरेक्ट३डी सुधारत गेले आणि एनव्हिडियाची कार्डे वेगात पुढे गेली. डिसेंबर २००० मध्ये ३डीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकण्याची घोषणा केली आणि २००२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी बाजारात आली, तेव्हा व्हूडू कार्डांसाठी नवे अधिकृत ड्रायव्हर लिहिणारे कोणीही उरले नव्हते. हातातील कार्ड धडधाकट असूनही त्याचा दुभाषी निवर्तला होता.

ही पोकळी हौशी जाणकारांनी भरून काढली. त्यांनी जुन्या ड्रायव्हरमध्ये फेरफार करून ते नव्या प्रणालीवर चालविले. ग्लाइडच्या आज्ञा डायरेक्ट३डी अथवा ओपन-जीएलमध्ये उतरविणाऱ्या आज्ञावल्याही तयार झाल्या. ३डीएफएक्सने डिसेंबर १९९९ मध्ये ग्लाइडचा मूळ कोड खुला केला होता, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे. कंपनी संपल्यानंतर तिची भाषा जिवंत राहिली, त्यामागे कोड खुला करण्याच्या या निर्णयाचा मोठा वाटा आहे.

४. ड्रायव्हर खेळ ओळखू लागतो (२००१ ते २००६)

नव्या शतकाच्या आरंभी स्पर्धा मुख्यतः एनव्हिडिया आणि एटीआय या दोन कंपन्यांत उरली. यंत्रांची क्षमता जवळपास सारखी असताना वेगातील फरक ड्रायव्हरवर अवलंबून राहू लागला. मग ड्रायव्हर केवळ भाषांतर करून थांबेना. समोर कोणता खेळ आहे हे ओळखून, त्या खेळापुरते वेगळे वागण्याची सोय त्यात करण्यात आली.

ऑक्टोबर २००१ मध्ये या प्रथेवर प्रकाश पडला. एटीआयच्या रेडिऑन ८५०० या कार्डाचा ड्रायव्हर क्वेक ३ या खेळाच्या फाइलचे नाव ओळखतो, असे हार्डओसीपी या तंत्रज्ञानविषयक नियतकालिकाने दाखवून दिले. त्या नावातील ‘क्वेक’ बदलून ‘क्वॅक’ केले असता खेळाचा वेग घटला आणि चित्राचा दर्जा मात्र सुधारला. मे २००३ मध्ये दुसरे प्रकरण घडले. फ्युचरमार्क कंपनीने ३डीमार्क०३ या आपल्या कसोटी-आज्ञावलीची तपासणी केली. एनव्हिडियाचा ड्रायव्हर ही आज्ञावली ओळखून काही काम टाळतो आणि त्यामुळे गुणांक सुमारे २४ टक्क्यांनी फुगतो, असा तिचा निष्कर्ष होता. एटीआयच्या बाबतीत ही तफावत सुमारे २ टक्के होती. पुढील महिन्यात फ्युचरमार्क आणि एनव्हिडिया यांनी संयुक्त निवेदन काढले आणि त्यात या वर्तनाचा उल्लेख ‘विशिष्ट आज्ञावलीसाठी केलेले अनुकूलन’ असा सौम्य झाला.

ही दोन प्रकरणे केवळ लबाडीची उदाहरणे म्हणून सोडून देता येत नाहीत. खेळातील चूक दुरुस्त करण्यासाठी आणि गुणांक फुगविण्यासाठी ड्रायव्हरला एकच साधन वापरावे लागते, ते म्हणजे खेळाची ओळख. अनेक खेळांनी नियमांचे काटेकोर पालन केलेले नसते. जुन्या कार्डाने खपवून घेतलेली चूक नवे कार्ड खपवून घेत नाही. अशा वेळी ग्राहक कार्डाला दोष देतो. म्हणून कार्डाची कंपनी त्या खेळापुरता अपवाद ड्रायव्हरमध्ये लिहून ठेवते. वर्षानुवर्षे असे अपवाद साचत गेले. आधुनिक ड्रायव्हर हा अनुवादक असतोच, शिवाय तो खेळांच्या ज्ञात दोषांचे दफ्तरही असतो.

अद्ययावतीकरणाची वारंवारता याच काळात वाढली. एटीआयने जून २००२ मध्ये कॅटॅलिस्ट या नावाने ड्रायव्हर देण्यास सुरुवात केली आणि जानेवारी २००४ पासून त्याला वर्ष व महिना दर्शविणारे क्रमांक मिळाले. दरमहा नवा ड्रायव्हर ही कल्पना वेगवान इंटरनेट गृहीत धरून होती. महाराष्ट्रातील स्थिती तशी नव्हती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठेतून सुटे भाग घेऊन जोडलेल्या संगणकाचा ड्रायव्हर खोक्यातील तबकडीवर येई आणि बहुधा तोच शेवटपर्यंत राही. ५६ किलोबिट वेगाच्या मोडेमवर २० मेगाबाइटची फाइल उतरविण्यास, पूर्ण वेग मिळाला तरी, सुमारे ४८ मिनिटे लागतात आणि पूर्ण वेग क्वचितच मिळे. दूरध्वनीचे देयक वाढे ते निराळेच. निर्मात्याच्या दृष्टीने नि:शुल्क असलेले अद्ययावतीकरण खेळाडूच्या दृष्टीने नि:शुल्क नव्हते. खर्च सरकतो तो अशा वाटांनीही सरकतो.

५. विंडोज व्हिस्टाचे संक्रमण (२००६ ते २००९)

विंडोज एक्सपीमध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरचा मोठा भाग ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात चाले. त्यामुळे ड्रायव्हरमधील एका चुकीने संपूर्ण संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबत असे. ३० जानेवारी २००७ रोजी ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये ड्रायव्हरची रचनाच बदलण्यात आली. त्याचा बराच भाग गाभ्याबाहेर काढण्यात आला. कार्डाने ठरावीक काळात, सामान्यतः २ सेकंदांत, प्रतिसाद न दिल्यास केवळ ड्रायव्हर पुन्हा सुरू करण्याची सोय झाली. तात्त्विकदृष्ट्या ही मोठी सुधारणा होती. मात्र त्यासाठी प्रत्येक उत्पादकाला आपला ड्रायव्हर नव्याने लिहावा लागला आणि वर्षानुवर्षे साचलेले अपवादांचे दफ्तर नव्या घरात हलवावे लागले.

याचे परिणाम न्यायालयात उघड झाले. कमकुवत संगणकांवर ‘व्हिस्टा केपेबल’ असे बोधचिन्ह लावल्याबद्दल अमेरिकेतील सिएटल येथे मायक्रोसॉफ्टविरुद्ध दावा दाखल झाला होता. इंटेलच्या ९१५ या चिपसंचाला नव्या पद्धतीचा ड्रायव्हर नव्हता, तरीही बोधचिन्हाची अट शिथिल करून तो पात्र ठरविण्यात आला, हा या दाव्यातील कळीचा मुद्दा होता. या दाव्यात २००८ मध्ये खुल्या झालेल्या अंतर्गत पत्रव्यवहारात २००७ मधील एका कालावधीत नोंदल्या गेलेल्या बिघाडांची वर्गवारी आढळते. त्यानुसार २८.८ टक्के बिघाड एनव्हिडियाच्या, १७.९ टक्के मायक्रोसॉफ्टच्या, ९.३ टक्के एटीआयच्या आणि ८.८ टक्के इंटेलच्या ड्रायव्हरशी निगडित होते. हे आकडे वाचताना सावधगिरी हवी. कोणत्या कंपनीची किती कार्डे वापरात होती, हे त्या वर्गवारीत विचारात घेतलेले नाही. तरीही रचनेतील बदलाचे ओझे पहिल्या वर्षी खरेदीदारानेच वाहिले, एवढे त्यातून निश्चित दिसते. दाव्याला मिळालेला सामूहिक दर्जा न्यायालयाने फेब्रुवारी २००९ मध्ये काढून घेतला.

डायरेक्टएक्स १० केवळ व्हिस्टासाठीच उपलब्ध असल्याने जुन्या प्रणालीवर राहण्याचाही पर्याय पूर्ण नव्हता. नव्या खेळांचे पूर्ण दृश्यरूप हवे असेल, तर नवी प्रणाली आणि तिचे कच्चे ड्रायव्हर स्वीकारणे भाग होते.

६. भाराची नवी विभागणी (२०१० ते २०२३)

पुढील दशकात ड्रायव्हरचे अधिकार वाढले, तशा त्याच्या चुकाही गंभीर झाल्या. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. त्यातील दोषामुळे कार्डाचा पंखा आवश्यक तेवढा वेग घेत नसे आणि कार्ड तापत असे. आज्ञावलीतील चूक येथे यंत्राच्या आयुष्यापर्यंत पोचली. ऑक्टोबर २०११ मध्ये आयडी सॉफ्टवेअरचा रेज हा खेळ आला, तेव्हा एएमडीच्या कार्डांवर त्यातील दृश्ये विस्कटलेली दिसत. एएमडीने, जिने २००६ मध्ये एटीआय विकत घेतली होती, तातडीने दुरुस्तीचे ड्रायव्हर दिले. खेळ प्रसिद्ध होण्याच्या दिवशीच त्याच्यासाठी खास ड्रायव्हर देण्याची प्रथा पुढे दोन्ही कंपन्यांनी रूढ केली.

ड्रायव्हर इतका जाड आणि गूढ झाला, की खेळांच्या लेखकांनाच तो अडथळा वाटू लागला. एएमडीने सप्टेंबर २०१३ मध्ये मँटल हा नवा आज्ञासंच जाहीर केला. त्यात ड्रायव्हर पातळ ठेवून स्मृतीचे व्यवस्थापन आणि कामांची आखणी खेळाकडे सोपविण्यात आली. हाच विचार २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आलेल्या डायरेक्टएक्स १२ मध्ये आणि क्रोनोस गटाने फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्हल्कनमध्ये स्थिर झाला. डॉसच्या काळात खेळाच्या लेखकावर असलेला भार, दोन दशके ड्रायव्हरकडे राहून, अंशतः पुन्हा लेखकाकडे आला. मोठ्या कंपन्यांना तो पेलला. लहान निर्माते मात्र तयार गेम इंजिनांवर अधिक अवलंबून राहिले.

खेळाडूचा वाटा याही वेळी टळला नाही. नव्या पद्धतीच्या अनेक खेळांत शेडर म्हणजे चित्रणाच्या छोट्या आज्ञावल्या खेळाडूच्याच संगणकावर त्याच्या कार्डाच्या भाषेत रूपांतरित होतात. ड्रायव्हर बदलला की हे काम बहुधा पुन्हा करावे लागते. त्यामुळे अद्ययावतीकरणानंतर खेळ सुरू होण्यास वेळ लागतो किंवा तो मधूनमधून अडखळतो. मँटलचे पुढे काय झाले, हेही उद्बोधक आहे. त्याचा विकास २०१५ मध्ये थांबला आणि २०१९ मध्ये एएमडीने आपल्या ड्रायव्हरमधून त्याचा आधार काढून टाकला. सुसंगततेवरचा उपाय म्हणून आलेली भाषा काही वर्षांतच स्वतः विसंगत ठरली.

ड्रायव्हरने खेळाच्या कारभारात किती हात घालावा, हा प्रश्न ऑक्टोबर २०२३ मध्ये नव्या रूपात आला. एएमडीच्या ड्रायव्हरमधील अँटी-लॅग प्लस ही सुविधा खेळाच्या अंतर्गत कार्यांत फेरफार करीत असे. काउंटर-स्ट्राइक २ या खेळाच्या गैरप्रकार-प्रतिबंधक यंत्रणेला तो फेरफार फसवणुकीसारखा दिसला आणि ही सुविधा वापरणाऱ्या खेळाडूंवर बंदी आली. एएमडीने ती सुविधा मागे घेतली. कार्डाच्या कंपनीने अधिकृतपणे दिलेली सोय वापरली, एवढाच या खेळाडूंचा दोष होता.

७. जुन्या खेळांचे भवितव्य आणि जतनाचा प्रश्न

साचलेल्या अपवादांचे मूल्य किती असते, हे इंटेलच्या अनुभवावरून कळते. इंटेलने ऑक्टोबर २०२२ मध्ये आर्क मालिकेतील ए७५० आणि ए७७० ही कार्डे बाजारात आणली. नव्या खेळांत ती समाधानकारक होती. परंतु डायरेक्टएक्स ९ वर आधारलेल्या जुन्या खेळांत ती मागे पडत, कारण त्या आज्ञा डायरेक्टएक्स १२ मध्ये उतरवून चालविल्या जात होत्या. डिसेंबर २०२२ च्या अद्ययावतीकरणात परिस्थिती लक्षणीय सुधारली. या सुधारणेत काही खेळांसाठी डीएक्सव्हीके या खुल्या आज्ञावलीचा वापर करण्यात आला होता. लिनक्सवर विंडोजचे खेळ चालावेत, यासाठी डायरेक्ट३डीच्या आज्ञा व्हल्कनमध्ये उतरविणारी ही आज्ञावली आहे. व्हाल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉनमध्ये आणि २०२२ मधील स्टीम डेक या यंत्रातही तिचा उपयोग झाला. इंटेलसारख्या बलाढ्य कंपनीलाही जुन्या खेळांसाठी अशा खुल्या कामाचा आधार घ्यावा लागला.

दुसरीकडे, मोठ्या कंपन्यांची आधार देण्याची मुदत मर्यादित असते. २०१२ मध्ये आलेल्या केप्लर पिढीच्या कार्डांना ऑक्टोबर २०२१ पासून एनव्हिडियाने नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणे थांबविले. २०२५ मधील आरटीएक्स ५० मालिकेत तिने ३२ बिटच्या जुन्या गणनप्रणालीचा आधार काढला. त्यामुळे मिरर्स एज, बॉर्डरलँड्स २ यांसारख्या खेळांतील फिजएक्सचे परिणाम सर्वांत नव्या आणि महागड्या कार्डांवरच नीट चालेनासे झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात निवडक खेळांसाठी ही सोय पुन्हा देण्यात आली. आधार जाणे आणि परत येणे या दोन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या इच्छेवर अवलंबून होत्या, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अपरिचित वाटू नये. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतील असंख्य कागद सुरक्षित आहेत. कागद टिकला, शाई टिकली; परंतु मोडी वाचणारा नसेल, तर तो कागद अभ्यासकासाठी मुका असतो. जुन्या खेळाची तबकडी आणि तिचा दुभाषी यांचे नाते असेच आहे. फरक इतकाच, की मोडी कोणाच्याही मालकीची नव्हती, म्हणून ती शिकविण्याचे वर्ग आजही भरविता येतात. ड्रायव्हरची भाषा बहुतांशी खासगी मालकीची राहिली. २००२ मध्ये सुरू झालेली डॉसबॉक्स ही खुली आज्ञावली डॉसच्या खेळांसाठी मोडी-वाचकाचे काम करते. एनव्हिडियानेही मे २०२२ मध्ये लिनक्ससाठीच्या आपल्या ड्रायव्हरचा गाभ्यात चालणारा भाग खुला केला. ही पावले स्वागतार्ह आहेत, पण ती संपूर्ण नाहीत.

हा प्रश्न केवळ खेळांचा नाही. महाविद्यालयांत विज्ञान, भूगोल, भाषाशास्त्र अशा अनेक विषयांच्या शैक्षणिक तबकड्या मागील तीन दशकांत खरेदी झाल्या. त्यांपैकी अनेक तबकड्या विशिष्ट प्रणालीसाठी आणि तिच्या विशिष्ट आवृत्तीसाठी तयार केलेल्या होत्या. ग्रंथालयाच्या नोंदवहीत त्या आजही ‘उपलब्ध’ असतात. त्या उघडतात की नाही, याची नोंद सहसा कोठेच नसते.

निष्कर्ष :

१) सुसंगततेचा प्रश्न यंत्र, प्रणाली आणि खेळ यांच्या मालकीच्या व वेळापत्रकांच्या विभागणीतून निर्माण झाला. केवळ तांत्रिक अकुशलता हे त्याचे कारण नाही.
२) सुसंगततेचा भार डॉसच्या काळात खेळाच्या लेखकावर होता, १९९५ नंतर तो मोठ्या प्रमाणात कार्डाच्या कंपनीकडे गेला आणि २०१३ नंतर अंशतः पुन्हा लेखकाकडे आला. खेळाडूवरील भार मात्र सर्वच टप्प्यांत कायम राहिला.
३) सामाईक भाषा ठरविणाऱ्या पक्षाला बाजारावर अधिकार मिळाला. एनव्ही१, ग्लाइड आणि डायरेक्टएक्स १० ही त्याची निरनिराळी उदाहरणे आहेत.
४) ड्रायव्हरमध्ये साचलेले अपवाद हा एक ऐतिहासिक ऐवज आहे. बंदिस्त राहिल्यास तो कंपनीबरोबर नष्ट होतो. ग्लाइड, डीएक्सव्हीके आणि डॉसबॉक्स यांच्याबाबतीत कोड खुला असल्याने जुने खेळ चालविण्याचा मार्ग उपलब्ध राहिला.
५) अंकीय साधनांचे जतन करताना मूळ साधनाबरोबर ते वाचण्यासाठी लागणारी प्रणाली व ड्रायव्हर यांची आवृत्ती नोंदविणे आवश्यक आहे.

समारोप :

आगामी काळातील इतिहासकाराला विसाव्या शतकाच्या अखेरचे आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभीचे लोकजीवन अभ्यासताना संगणकीय खेळ हे साधन टाळता येणार नाही. एका पिढीने आपला फावला वेळ, आपली मैत्री आणि आपले स्पर्धेचे क्षण त्यांत घालविले आहेत. ते साधन वाचता यावे, अशी इच्छा असेल, तर मध्यस्थ आज्ञावलीची नोंद आजच ठेवावी लागेल. महाविद्यालयीन ग्रंथालये याची सुरुवात अल्प खर्चात करू शकतात. संग्रहातील प्रत्येक तबकडी एकदा चालवून पाहावी आणि ती कोणत्या प्रणालीवर, कोणत्या कार्डावर, कोणत्या ड्रायव्हरसह चालली, हे दाखल-नोंदवहीत तिच्या नावापुढे एका ओळीत लिहून ठेवावे.